देवकुंडची वाट : ओढा दोनदा ओलांडायचा असतो

आज बोलू या देवकुंडच्या वाटेबद्दल. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याहून ती निघते, धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाते आणि मग रानात शिरते. इथलं पाणी कुंडलिकेतून थेट रेवदंड्याच्या खाडीला जातं.

रानात शिरलं की ढोरवाटा फुटतात. गुरांच्या या वाटा मूळ वाटेइतक्याच मळलेल्या असतात. मी एक सवय लावून घेतलीय. प्रत्येक फाट्यावर मागे वळून फोटो काढायचा, कारण परतताना तीच जागा वेगळी दिसते. नकाशा घरूनच डाउनलोड करा. जीपीएसला रेंज लागत नाही. रेंज नसताना फोन टॉवर शोधत बॅटरी खातो, म्हणून फ्लाइट मोड लावा.

पण वाट चुकली तर मागे फिरता येतं. खरा प्रश्न ओढ्याचा. नकाशावर तो नुसती निळी रेघ असतो, आज पाणी किती ते त्यात दिसत नाही. हे पाणी येतं ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरून. जुलै 2024 मध्ये ताम्हिणीला एका दिवसात 500 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. म्हणजे तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस पडत असू शकतो, आणि खाली लोंढा येऊ शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की लगेच काठावरून वर सरकायचं.

आणखी एक गणित. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. म्हणून गुडघ्यापर्यंतचं ओढाळ पाणीसुद्धा माणसाला पाडतं. तळ दिसत नसेल तर उतरायचं नाही, धबधब्याच्या वरच्या अंगाला तर नाहीच. उतरलातच तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा.

मुख्य म्हणजे हा ओढा परतताना पुन्हा ओलांडायचा असतो. म्हणून जाताना "जमेल का?" एवढंच विचारू नका. "दोन तासांनी पाणी वाढलं तर?" हेही विचारा. पलीकडे अडकलातच तर उंच जागी थांबा. पाऊस थांबला की डोंगरातले ओढे लवकर उतरतात. घरी उशीर झाला तर बोलणी बसतील, बसू देत.

पावसाळ्यात प्रशासनाची बंदी असेल तर जाऊच नका. एरवी गावातला वाटाड्या सोबत घ्या. कुठला ओढा कधी फुगतो, हे त्याला पाठ असतं.