उभ्याने घेतलेला चहा

मोहोळच्या अलीकडे टपरीवाल्याने फडक्याने बाकडं पुसून दिलं आणि म्हणाला, "बसा की ताई." मी चहा उभ्यानेच घेतला. सोलापूरहून निघून जेमतेम तीस किलोमीटर झाले होते. पाय ताजे होते, दमही लागला नव्हता, पण सायकलवर ज्या जागेवर बसतो तिथे नुसती आग होत होती. सोबतच्या दोघींना सांगितलं, गुडघा दुखतोय. दोघींनी लगेच समजुतीने मान हलवली. त्या दिवशी त्यांचेही 'गुडघेच' दुखत होते, हे मला दोन वर्षांनी कळलं.

मी शाळेत गणित शिकवते, वय शेहेचाळीस. चाळिशीत पुन्हा सायकल धरली. आधी विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत, मग अक्कलकोट, मग घाट चढून तुळजापूर. डोक्यात खूळ होतं २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचं. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात कापायचं, २०० ला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ६०० ला चाळीस. वेळेचं गणित मला जमत होतं. अडत होतं ते बसण्यापाशी.

लहानपणीच्या लेडीज सायकलने कधी असा जाच केला नव्हता, मग आताच काय झालं? त्या सायकलचा हँडल उंच, पाठ ताठ, सगळा भार मागे स्प्रिंगच्या रुंद सीटवर, आणि शाळा तीन किलोमीटरवर. नव्या सायकलचा हँडल लांब आणि खाली. त्यावर वाकलं की कंबरेखालचा हाडांचा सांगाडाही पुढे कलतो आणि भार बसण्याच्या दोन हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर सरकतो. देवाने ती दोन हाडं भार घ्यायला दिली आहेत, पुढचा भाग नाही.

पेठेतल्या सायकलवाल्या काकांनी उपाय सांगितला, जेलचं कव्हर. "सोफ्यावर बसल्यागत वाटतंय बघा ताई." दहा किलोमीटर खरंच वाटलं. पंधराव्या किलोमीटरपासून पहिल्यापेक्षा वाईट. मग मी अस्सल सोलापुरी उपाय केला, टॉवेल! आमच्या घरात दुसरं काही नसलं तरी टॉवेल ढीगभर. चार घड्या घालून सीटवर बांधला. त्या घड्यांनी मांड्यांचं जे केलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मऊ सीट का फसते ते मला घरी कळलं. कापसाच्या गादीवर गुडघा रोवून पाहा. गुडघा आत जातो आणि दोन्ही बाजूंनी गादी वर येते. सीटवर नेमकं हेच होतं. हाडं आत रुततात, मधला फुगवटा वर येतो आणि जिथे दाब नको तिथेच दाबत राहतो. लांब पल्ल्याला बऱ्यापैकी कडक सीट हवी, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पण कडक सीट रुंदीला बरोबर हवी. ते माप घरी निघतं. खोक्याचा जाड, आतून पन्हाळी असलेला पुठ्ठा कडक पायरीवर किंवा लाकडी स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, थोडं पुढे वाकायचं आणि हातांनी स्टूल खालून धरून स्वतःला अर्धा मिनिट खाली ओढायचं. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात. खडूने त्यांचे मध्य काढा आणि अंतर मोजा. माझं भरलं १२८ मिलिमीटर. त्यात दोन-अडीच सेंटीमीटर मिळवायचे, कारण हाडं सीटच्या सपाट भागावर टेकली पाहिजेत, उतरत्या कडेवर नाही. पाठ ताठ ठेवून चालवणारीने थोडे जास्त मिळवावेत, फार वाकणारीने कमी, कारण ही हाडं पुढच्या बाजूला एकमेकींकडे निमुळती होत जातात. मला १५५ च्या आसपासची सीट हवी होती. सायकलसोबत आलेली होती १३५ ची.

बायकांची ही हाडं सरासरीने पुरुषांपेक्षा एकमेकींपासून जास्त अंतरावर असतात हे खरं, पण सरासरीवर कुणी बसत नाही. माझ्या दीडपट अंगाच्या मैत्रिणीचं माप निघालं ११५. अंगावरच्या मांसावरून हाडांचा अंदाज येत नाही, आणि खोक्यावर 'लेडीज' छापलं म्हणून सीट आपल्या मापाची होत नाही.

मधोमध खाच किंवा भोक असलेल्या सीटा आता सगळीकडे दिसतात. अमेरिकेत जॉर्जिना टेरी नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९८५ साली बायकांच्या मापाच्या सायकली करायला घेतल्या आणि पुढे नव्वदीच्या दशकात अशा भोकाच्या सीटा लोकांपुढे आणल्या. मला ते भोक मानवलं. त्याच ११५ वालीला भोकाच्या कडा कापायच्या, ती साध्या सपाट सीटवर सुखी आहे. म्हणून विकत घेण्याआधी उसनी मागा. आम्ही तिघींनी सीटा महिनाभर आलटून पालटून वापरल्या. एकेक बोल्ट काढायचा, बसवायचा, हात काळे करायचे. त्या निमित्ताने 'गुडघ्यांबद्दल' खरं काय ते बोलणंही झालं.

न बोलण्याची ही खोड फक्त सोलापूरची नाही. ब्रिटनच्या ऑलिंपिक संघातल्या सायकलपटूही हा त्रास आतल्या आत सोसत होत्या. रिओ ऑलिंपिकच्या आधी त्यांच्या फिजिओथेरपिस्टने तो विषय उघड विचारला, तज्ज्ञ गोळा केले, आणि त्या खटपटीनंतर २०१६ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने नियम सैल केला. सीटचं नाक आधी फार तर अडीच अंश खाली झुकवता येई, ते नऊ अंशांपर्यंत चालू लागलं. आपल्याला नऊची गरज नाही. गवंडी वापरतात ती लेव्हल सीटवर ठेवून आधी सपाट करा, मग हवं तर अंश-दोन अंश नाक खाली. मी उत्साहात जास्त केलं तर सारखी पुढे घसरत होते, आणि तुळजापूरला पोचेतो मनगटं बधिर.

उंचीही बघा. सीट फार वर असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवी हलते आणि तेवढं घासतं. हँडलचं तर मला आश्चर्यच वाटलं. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ४८ स्पर्धक महिला सायकलपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हँडल सीटपेक्षा खाली असला की पुढच्या भागावरचा दाब वाढतो आणि संवेदना कमी होते, असं त्यांना आढळलं. मी हँडल दोन बोटं वर घेतला. दिसायला सायकल जरा गरीब दिसते. दिसू दे.

कपड्यांचं एकच सांगते, कारण ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. पॅडवाल्या सायकल शॉर्टच्या आत काही घालायचं नसतं. आतल्या कपड्याची शिवणच सगळा घोटाळा करते. संकोच वाटला तर वरून सैल कुर्ता घाला, मी घालते. घासणाऱ्या जागी आधीच पेट्रोलियम जेली लावा, आणि घरी पोचलात की ओल्या शॉर्टवर गप्पा मारत बसू नका. धुतलेली शॉर्ट उन्हात वाळवा, उन्हाची आपल्याकडे काही टंचाई नाही. बधिरपणा आला तर उतरा. रात्रीपर्यंत राहिला किंवा गळू झालं तर डॉक्टरांकडे जा, आणि तिथे तरी गुडघा म्हणू नका.

आपल्या मराठी मुलीने, वेदांगी कुलकर्णीने, २०१८ मध्ये १५९ दिवसांत सायकलवर २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. म्हणजे रोजचे सरासरी १८० पेक्षा जास्त. बातम्यांत कॅनडातलं अस्वल आलं, स्पेनमधली लुटालूट आली. मी मात्र चष्मा लावून शोधत होते की ही पोर बसायची कशावर.

टेंभुर्णीच्या पुढे जाऊन परत, असे माझे दोनशे गेल्या पौषात झाले, बारा तास चाळीस मिनिटांत. परतीला मोहोळच्या त्याच टपरीवर बाकड्यावर बसून चहा घेतला. टपरीवाल्याला काही आठवत नव्हतं.

पेठेतल्या काकांना मी सगळी मापं वहीत लिहून दिली. आता त्यांच्या दुकानात जेलच्या कव्हरांशेजारी पुठ्ठ्यांची चळत आहे. नवी गिऱ्हाईक बाई आली की ते पुठ्ठा आणि खडू काउंटरवर ठेवतात, आतल्या खोलीतल्या लाकडी स्टुलाकडे बोट दाखवतात आणि रेडिओचा आवाज मोठा करून रस्त्याकडे तोंड करून उभे राहतात.