सुईदोऱ्यातली शेळी आणि श्रमाचा हिशेब

घोलवड म्हटले की चिकू आठवतो. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण याच बोर्डी-घोलवड-डहाणू पट्ट्यात पारशी-इराणी वाडीवाल्यांचीही जुनी वस्ती आहे, आणि पारशी घराण्यांत ‘गारा’ नावाची रेशमी साडी जिवापाड जपली जाते. लग्नकार्याला ती नेसतात, आजी ती नातीला देते. या साडीवर सुईदोऱ्याने काढलेले पक्षी पाहिले की माणूस थक्क होतो. करकोचा मान वळवतो, त्याचे पीस न् पीस वेगळे दिसते. पक्ष्यांच्या जोडीच्या नक्षीला ‘चकला-चकली’ आणि कोळ्याच्या नक्षीला ‘करोळिया’ अशी घरगुती नावेही आहेत.

ही कला आली कोठून? एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनच्या कँटन बंदराशी व्यापार करीत. जहाजातून कापूस जाई आणि अफूही जाई. परतताना चहा, रेशीम आणि भरतकाम येई. त्या अफूने किती चिनी घरे बुडाली हे इतिहास सांगतो. तेव्हा साडी सुंदर आहे हे खरेच, पण तिच्यामागचा हा धागाही विसरू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साडी कोणाची, कोणत्या लग्नात आली, हे घरात सांगतात. ती भरली कोणी, हे मात्र साडीवर लिहिलेले नसते. त्यातला ‘खाखा’ नावाचा बारीक गाठीचा टाका घालताना डोळे शिणतात. ज्यांचे डोळे शिणले, त्यांची नावे गेली.

एक नाव मात्र राहिले. चीनमधील सूचौ भागातील शेन शौ (1874-1921) ही भरतकाम करणारी बाई. चित्रातला उजेड आणि सावली तिने टाक्यांत उतरवली. 1914 साली नानथोंग येथे मुलींना भरतकाम शिकविणारी शाळा सुरू झाली, ती तिने चालविली. आजारपणात तिने आपली विद्या तोंडी सांगितली आणि तिचे पुस्तक झाले. विद्या लिहून ठेवली म्हणून ती टिकली.

आपण काय भरावे?

भगिनींनो, करकोच्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही. दारची शेळी घ्या, कोंबडा घ्या. रोज पाहतो तोच प्राणी हाताला लवकर येतो.

साहित्य थोडे लागते. घट्ट विणीचे सुती कापड आधी धुऊन वाळवावे, म्हणजे नंतर आटत नाही. लाकडी रिंग, बारीक सुई (नऊ किंवा दहा नंबरची, नंबर मोठा तशी सुई बारीक) आणि सुती भरतकामाच्या लडी. लडीतला दोरा सहा पदरी असतो. प्राण्याच्या केसांसाठी त्यातला एकच पदर सोडवून घ्यावा. दोरा हातभरच ठेवावा, लांब ठेवला की गुंततो.

चित्र कार्बनने उतरवून घ्या. मग पेन्सिलीने बाण काढा : केस कोणत्या बाजूला वळतात? नाकावरून कपाळाकडे, कपाळावरून कानाकडे, मानेवर खाली. बाणाच्या दिशेनेच टाका पडला पाहिजे. नवशिकी भरतकाम करणारी इथेच चुकते. रंग बरोबर असतो, पण टाके आडवे पडतात आणि शेळी बाहुलीसारखी दिसते.

टाका लांब-आखूड घालावा. पहिल्या ओळीत एक लांब, एक आखूड. पुढची ओळ मागच्या टाक्यांच्या मध्ये शिरवावी, म्हणजे रंगांची सीमा दिसत नाही. जो भाग मागे आहे तो आधी आणि पुढचा नंतर भरावा. काळी शेळी नुसत्या काळ्या दोऱ्याने भरू नये. उन्हात तिच्या पाठीवर तपकिरी, करडा, निळसर असे रंग दिसतात. ते पाहावेत आणि घ्यावेत.

डोळा सर्वांत महत्त्वाचा. मांजरीची बाहुली उभी, कुत्र्याची गोल, तर शेळीची आडवी असते. हे एवढे चुकले तर बाकीची मेहनत वाया जाते. शेवटी उजेडाचा एकच पांढरा टाका डोळ्यात घाला. शेळी तुमच्याकडे पाहू लागेल.

हिशेब मांडा

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, एका चित्राला 200 रुपयांचे साहित्य लागले आणि 50 तास गेले. दलाल 500 रुपये हातावर ठेवतो. साहित्य वजा जाता राहिले 300, म्हणजे तासाला 6 रुपये! ताशी फक्त 50 रुपये धरले, तरी त्याच कामाची किंमत 2700 होते. पण तास लिहून ठेवले नसतील, तर हे दलालाला सांगणार कसे? म्हणून एक वही करा. रोज किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, हे लिहा. ‘फावल्या वेळचे काम’ हा शब्द सोडून द्या. स्वयंपाक, पाणी, मुले उरकून चोरलेला वेळ फुकटचा नसतो.

भरतकाम ही हस्तकला मानली जाते. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाचे हस्तशिल्प विकास आयुक्त कारागिरांना ‘पहचान’ ओळखपत्र देतात. त्याची चौकशी करावी. चौघीजणींनी मिळून केली तर अधिक बरे.

काम दिवसाच्या उजेडात, दारापाशी बसून करावे. मधूनमधून मान वर करून दूरच्या झाडाकडे पाहावे. डोळे शाबूत राहिले तर कला राहील.

आणि चित्र पुरे झाले की खालच्या कोपऱ्यात, एकाच पदराने, आपले नाव भरावे. त्याला पाच मिनिटे लागतात. वहीत तीही लिहावीत.