घरच्या हौदाचे पाणी



माझ्या पिढीतील मराठवाड्याच्या मुलांना पोहावयास शिकविले ते विहिरीने. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधावयाचा, थोरल्या भावाने काठावरून लोटून द्यावयाचे, आणि नाकातोंडात चार घोट पाणी गेले की हातपाय आपोआप चालू लागत. नांदेडच्या मुलांना गोदावरी होती, लातूरकडील मुलांना विहिरी व बारवा होत्या. त्या पाण्यात कोणी औषध ओतल्याचे मला आठवत नाही. उन्हाळ्यात गाळ काढीत, आणि एखादे कासव सोडीत. एवढीच काय ती निगा. ही आठवण मनात धरून पुष्कळ गृहस्थ मला विचारतात की, मग घरी बांधलेल्या पोहण्याच्या हौदालाच इतकी औषधे का लागावीत? या प्रश्नाचे उत्तर आज द्यावयाचे आहे. ते दुहेरी आहे. औषध लागते, हे खरे; परंतु दुकानातून येते तितके लागत नाही, हेही तितकेच खरे.

प्रथम विहिरीविषयी. विहीर खोल असते, तिच्या पाण्यावर ऊन दिवसातून घटका दोन घटकाच पडते, आणि खालचे झरे नवे पाणी देत असतात. घरचा हौद उथळ, उघडा व झऱ्यावाचून असतो. पाणी तेच, पोहणारे तेच, आणि डोक्यावर मराठवाड्याचे ऊन. शिवाय आमच्या विहिरीही दिसत तितक्या निष्पाप नव्हत्या. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेल्या माणसाचा पाय बुडाला म्हणजे त्या कृमीची पिले पाण्यात उतरत, तेथील सूक्ष्म किड्यांच्या पोटात वाढत, आणि पिणाऱ्याच्या शरीरात शिरत. पाणी मात्र स्फटिकासारखे दिसे. फडक्याने पाणी गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे अशा उपायांनी तो रोग हटला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. यातून घ्यावयाचा धडा इतकाच की, स्वच्छ दिसणारे पाणी स्वच्छ असेलच असे नाही. डोळा हे पाणी पारखण्याचे साधन नव्हे.

आता प्रस्तुत विषयाकडे वळतो. माझा पुतण्या लातुरास राहतो. त्याने मुलांसाठी घरामागे हौद बांधला. लांबी ६ मीटर, रुंदी ३ मीटर, पाण्याची खोली १.२ मीटर. या तीन संख्यांचा गुणाकार २१.६ घनमीटर, म्हणजे २१,६०० लिटर. मला तो बेत रुचला नव्हता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, हे आपणांस स्मरत असेल. मांजरा धरण कोरडे पडले होते, आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी होऊन तंटे होऊ नयेत म्हणून जमावबंदी पुकारावी लागली होती. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका वाघिणीत ५०,००० लिटर. मी पुतण्यास म्हणालो, "अरे, जवळजवळ अर्धी वाघीण तू अंगणात ओतली आहेस. हे पाणी फेकून द्यावयाची पाळी आली तर शेजाऱ्यांस तोंड कसे दाखवशील?" तो म्हणाला, "काका, फेकावयाचे कशाला? औषध घातले की पाणी टिकते."

दुर्दैवाने पाळी आलीच, आणि ती औषधानेच आणली. दुकानातून आणलेल्या पांढऱ्या टिकिया तो रोज पाण्यात तरंगत ठेवी. शिवाय शेवाळ मारण्याची एक बाटली, पाणी चमकविण्याची दुसरी, 'प्लस'ची एक पिशवी व 'मायनस'ची एक. पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी हिरवे झाले. तपासणीत क्लोरीन भरपूर दिसे, तरी शेवाळ हटेना. शेवटी दुकानदाराने सांगितले की, पाणी बदला. त्या दिवशी पुतण्याने मला बोलावले. मी वर्गात त्रैराशिक व थोडे विज्ञान शिकविले, त्यापलीकडे माझा अधिकार नाही. परंतु या कामास त्याहून अधिक लागत नाही, असे मला आढळून आले.

हौदाच्या पाण्याच्या गरजा तीन. जंतू व शेवाळ मारणारे काही तरी त्यात सतत असावे. पाणी फार आम्ल वा फार विम्ल नसावे. आणि ते गाळणीतून रोज फिरावे.

पहिली गरज क्लोरीन भागवितो. त्याला घरगुती पर्याय नाही. तुळस, कडुलिंब, तांब्याचा तांब्या यांनी हौद निर्जंतुक होत नाही. तुरटी व निवळीची बी गढूळपणा खाली बसवितात, जंतूंची हमी देत नाहीत. परंतु क्लोरीन महाग रूपात घेतला पाहिजे असे मुळीच नाही. ग्रामपंचायती विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतात, ती चुन्यात मुरविलेला क्लोरीनच होय. ताज्या पावडरीत सुमारे तिसरा हिस्सा कामाचा क्लोरीन असतो. मात्र तिच्याबरोबर चुनाही पाण्यात जातो, आणि आपल्याकडील बोअरचे पाणी बहुधा मुळातच जड असते. म्हणून भिंतींवर पांढरे किटण चढते. घरच्या हौदास त्यापेक्षा पातळ सोडियम हायपोक्लोराइट बरे. कपडे शुभ्र करण्यासाठी जे द्रव विकतात ते हेच, अधिक पातळ केलेले. फक्त त्यात सुगंध वा साबण मिसळलेला नसावा.

आता त्रैराशिक. हजार लिटर पाण्यात १ ग्रॅम क्लोरीन घातला म्हणजे प्रमाण लिटरला १ मिलिग्रॅम होते. आमच्या हौदास त्यासाठी २१.६ ग्रॅम हवा. दहा टक्क्यांच्या द्रवाच्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम क्लोरीन असतो. म्हणून २१६ मिलिलिटर पुरे. उन्हाळ्यात दिवसाकाठी २ मिलिग्रॅम खर्ची पडत असेल तर रोज ४३० मिलिलिटर घालावे. हे द्रव उन्हाने व जुनेपणाने निर्बळ होते. सावलीत ठेवावे आणि थोडे थोडे आणावे. पाण्यात ते सूर्यास्तानंतर सोडावे, म्हणजे रात्रभर त्याला निर्वेध काम करता येते.

येथे सूर्याचा प्रश्न येतो. उघड्या पाण्यातील क्लोरीन दुपारच्या उन्हात दोनतीन तासांत बहुतेक नाहीसा होतो. त्याला छत्री म्हणून सायन्युरिक आम्ल घालतात. लिटरला ३० मिलिग्रॅम एवढे ते असले की पुरते. आमच्या हौदास सुमारे ६५० ग्रॅम. ही छत्री न उडते, न फारशी खर्ची पडते; म्हणून ती एकदाच घालावयाची. या प्रमाणात क्लोरीन २ ते ४ मिलिग्रॅमच्या दरम्यान राखावा.

आणि पुतण्याच्या टिकियांचे रहस्य येथेच होते. त्या टिकियांत क्लोरीन व हेच आम्ल एकत्र बांधलेले असते. लिटरला १० मिलिग्रॅम क्लोरीन त्यांतून मिळाला की ६ मिलिग्रॅम आम्लही पाण्यात उतरते. क्लोरीन खर्च होतो, आम्ल साठत जाते. रोज २ मिलिग्रॅम क्लोरीन धरला तर नव्वद दिवसांत आम्ल १०८ मिलिग्रॅम होते. छत्री इतकी मोठी झाली की तिच्याखाली क्लोरीन जखडून पडतो. तपासणीत तो दिसतो, परंतु काम करीत नाही. साठलेले आम्ल काढावयास घरी सोपे औषध नाही; पाणीच बदलावे लागते. सोयीची म्हणून आणलेली टिकिया अशा रीतीने अखेर अर्ध्या वाघिणीची किंमत वसूल करते. पाण्याची टंचाई नसलेल्या मुलखात ही गैरसोय ठरेल. लातुरात तो अपराध ठरतो.

दुसरी गरज आम्ल-विम्लतेची. आपले शेतकरी मातीच्या तपासणीमुळे 'सामू' हा शब्द जाणतात; तोच येथे लागू. हौदाचा सामू ७.२ ते ७.८ असावा. वर्गात आम्ही हळदीचा कागद सोड्याच्या पाण्यात बुडवून तांबडा करून दाखवीत असू, परंतु एवढ्या बारीक फरकास हळद पुरत नाही. फिनॉल रेडचे थेंब व रंगाचा तक्ता घ्यावा, आणि क्लोरीन मोजण्याचे साधनही त्याबरोबर घ्यावे. सर्व खरेदीत ही एक खरेदी मी अत्यावश्यक मानतो. बाकीच्या बाटल्या न मोजणाऱ्या माणसासाठी असतात.

मोजल्यानंतर काय कमी आहे ते कळते, आणि मग पिशव्यांवरील नावांचा उलगडा होतो. क्षारता वाढविण्याचे म्हणून जे विकतात, तो बहुधा आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा असतो. आमच्या हौदात क्षारता लिटरला १० मिलिग्रॅमने वाढवावयास तो सुमारे ३६० ग्रॅम लागतो. सामू वाढविण्याची 'प्लस' पिशवी म्हणजे बहुधा धुण्याचा सोडा. अमेरिकेत ज्या गृहस्थांच्या घरी हौद आहेत, त्यांच्यापैकी पुष्कळ जण कपड्यांचे शुभ्रक, खाण्याचा सोडा व टाकणखार या तीन वाणसामानाच्या वस्तूंवरच हौद राखतात. आपल्याकडे सामू बहुधा वर चढतो. तो उतरविण्यास मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडे थोडे घालावे, चार तास पाणी फिरवावे, आणि पुन्हा मोजावे.

शेवाळाची बाटली मी प्रथम बंद करविली. तिच्यात पुष्कळदा तांब्याचा क्षार असतो. बागाइतदारांचा मोरचूद त्याच जातीचा. त्याने हौदाला डाग पडतात व केसांस हिरवी झाक येते. क्लोरीन एक दिवसही शून्यावर जाऊ दिला नाही, आणि आठवड्यातून एकदा भिंती घासल्या, तर शेवाळ धरतच नाही. तसेच, हौदाला उग्र वास येतो तो क्लोरीन जास्त झाल्याचा, ही समजूत चुकीची आहे. घाम व मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन तो वास उठतो. त्यावर उपाय म्हणजे उतरण्यापूर्वी साबणाने अंघोळ, आणि रात्री क्लोरीनची थोडी अधिक मात्रा. वास झाकणारी बाटली नव्हे.

काही सूचना विशेष आग्रहाने सांगतो. शुभ्रक द्रव व आम्ल कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून विषारी वायू निघतो. टिकिया व टीसीएल पावडर एका भांड्यात येऊ देऊ नये. त्यांच्या संयोगाने स्फोट होऊ शकतो. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात नव्हे. आणि हौदाभोवती कुलपाचे कुंपण असावे, कारण लहान मूल गुडघाभर पाण्यातही बुडते.

पाणी राखण्याचे खरे कसब मात्र बाटलीत नसून झाकणात आहे. उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडाले, तरी आमच्या हौदाच्या १८ चौरस मीटर पृष्ठावरून १८० लिटर गेले. पोहणे आटोपताच ताडपत्री ओढली की हे उडणे पुष्कळ आवरते, पाचोळा पडत नाही, आणि क्लोरीनही वाचतो. भर घालावयाची ती पावसाच्या पाण्याची. १०० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होते. पहिली सर सोडून बाकी गाळून घ्यावी. पावसाचे पाणी मृदू असल्याने किटणही वाढत नाही. गाळणी धुतलेले पाणी उघड्या टाकीत दोनतीन दिवस उन्हात ठेवून झाडांना द्यावे.

पुतण्याने जुने पाणी असेच टाकीत निववून, टप्प्याटप्प्याने शेजारच्या झाडांना घातले, आणि हौद एका पावसाळ्यात छपराच्या पाण्याने भरून घेतला. त्यानंतर दोन उन्हाळे गेले. पाणी तेच आहे. सायंकाळी त्याची धाकटी मुलगी वहीत तीन आकडे लिहिते: क्लोरीन, सामू, पाण्याची पातळी. मी गेलो की वही माझ्यापुढे ठेवते, आणि मी लाल शाईने सही करतो. कपाटातील सात बाटल्यांच्या जागी आता एक कॅन, दोन डबे व ती वही आहे.

हौद बांधावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या पाण्याकडे पाहून ठरवावे. पण एकदा बांधला, की त्यातले पाणी फेकून देण्याचा हक्क आपणांस उरत नाही. ते राखावयास फार औषध लागत नाही. रोज मोजावयाची सवय मात्र लागते.