बर्नार्डचा तारा आणि फसवी आवर्तनं

पृथ्वीपासून सहा प्रकाशवर्षांवरचा बर्नार्डचा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आवर्तन शोधणाऱ्या संख्याशास्त्राची मात्र त्याने साठ वर्षं कडक परीक्षा घेतली.

1963 मध्ये अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेचे पीटर व्हॅन डी कॅम्प यांनी जाहीर केलं, की हा तारा 24 वर्षांच्या आवर्तनाने डुलतो. म्हणजे त्याच्याभोवती त्याला ओढणारा गुरूहून जड ग्रह असणार. त्यांच्या सलग वेधमालेची सुरुवात 1938 ची, म्हणजे आवर्तनाचा जेमतेम एक फेरा. दहा वर्षांनी त्याच वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांनी ग्लीझ 793 या भलत्याच ताऱ्याची छायाचित्रं मोजली, तर तोही त्याच सुमारास तसाच सरकलेला! 1949 मध्ये दुर्बिणीच्या भिंगाची चौकट बदलली होती. तारे जागच्या जागीच होते.

पुढे हत्यारं सुधारली. कोणतं आवर्तन किती ठळक आहे हे आलेखात दाखवणारा शूस्टर यांचा 1898 चा पीरिऑडोग्राम लॉम्ब (1976) आणि स्कार्गल (1982) यांनी असमान अंतराने घेतलेल्या वेधांसाठी घडवला. आलेखातलं उंच शिखर निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता किती, हेही सांगता येऊ लागलं. पण या शक्यतेचं नेहमीचं सूत्र प्रत्येक वेधातली चूक स्वतंत्र मानतं. ताऱ्यावरचा डाग आठवडेच्या आठवडे टिकतो आणि एकामागून एक वेध एकाच दिशेने बिघडवतो. अडचण इथेच आहे.

2018 मध्ये इग्नासी रिबास यांच्या गटाला 771 वेधांत 233 दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडला. खात्री 99 टक्क्यांहून अधिक! तीनच वर्षांत ती ओसरली. हा तारा स्वतःभोवती सुमारे 145 दिवसांत फिरतो, आणि सूर्य आड आल्याने त्याच्या वेधांत दरवर्षी खंड पडतो. या दोन लयी एकमेकींत मिसळल्या, की 233 दिवसांच्या आसपास आभासी शिखर उभं राहतं.

क्वेसारांच्या, म्हणजे दूरच्या आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या बाबतीतही हेच दिसलं. पीजी 1302-102 या क्वेसारमध्ये 2015 साली 5.2 वर्षांचं आवर्तन दिसल्याचं जाहीर झालं. पुढच्याच वर्षी सायमन वॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की निव्वळ यादृच्छिक चढउतारही दोनेक फेऱ्यांपुरते हुबेहूब आवर्तनासारखे दिसतात.

2024 मध्ये चिलीतल्या एस्प्रेसो उपकरणाने बर्नार्डच्या ताऱ्याभोवती 3.15 दिवसांचा ग्रह टिपला. चार वर्षांच्या वेधकाळात त्याचे चारशेहून जास्त फेरे झाले होते. 2025 मध्ये हवाईतल्या मरून-एक्स या वेगळ्या उपकरणालाही तोच ग्रह दिसला, आणि दोन्हींचे वेध एकत्र केल्यावर असे चार ग्रह हाती लागले.