पूरक आणि पर्यायी

व्याख्या : एखाद्या रुग्णाने रक्तदाबाच्या गोळीच्या जोडीने काढा घेतला तर तो पूरक उपचार, गोळी बंद करून घेतला तर तोच काढा पर्यायी. वस्तू एकच, भेद वापराचा.

सर्पगंधा : जी मुळी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या उन्माद व निद्रानाशावर देत आले, तिचा उच्च रक्तदाबावरील परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. नैराश्य हा त्याचा ज्ञात दुष्परिणाम. वनस्पतिजन्य म्हणून निर्धोक, असे नव्हे.

योग : स्वामी कुवलयानंदांचे कैवल्यधाम, लोणावळा, स्थापना १९२४. ‘योग मीमांसा’ हे संशोधनाचे नियतकालिकही त्याच वर्षीचे.

सरकारदरबारी : भारतीय चिकित्सापद्धती व होमिओपॅथी यांची केंद्रीय संशोधन परिषद १९६९ साली स्थापन झाली, १९७८ साली तिचे विभाजन होऊन चार स्वतंत्र परिषदा झाल्या. आयुष मंत्रालय, २०१४.

नोंद : रुग्णांवरील चाचण्यांचे राष्ट्रीय दफ्तर २००७ साली उघडले. आयुर्वेद, योग व होमिओपॅथीच्या चाचण्याही त्यात रुजू होतात. ते कोणालाही विनामूल्य पाहता येते.