पाठदुखीसोबत भोवळ : दुखणे पाठीचे, मूळ भलतीकडे

पाठदुखी शहरी जीवनात इतकी परिचयाची झाली आहे की, तिच्याकडे आजार म्हणून पाहण्याचेच आपण सोडून दिले आहे. लोकलच्या गर्दीतले धक्के, दुचाकीवरून खड्ड्यांतला प्रवास, संगणकासमोरची दिवसभराची बैठक ही कारणे सर्वांना तोंडपाठ असतात. मलम चोळावे, शेकावे, औषधाच्या दुकानातून एखादी वेदनाशामक गोळी आणावी आणि कामाला लागावे, असा रिवाज पडला आहे. बहुतेक वेळा तो निभावतोही. कारण बहुसंख्य रुग्णांत पाठदुखीचे मूळ स्नायू, अस्थिबंध किंवा मणक्यांमधील गाद्या यांतच असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप शमते. परंतु पाठ दुखत असतानाच एखाद्याला भोवळ आली, क्षणभर शुद्ध हरपली, तर मात्र सारा हिशेब बदलतो.

भोवळ येऊन पडणे म्हणजे मेंदूला होणारा रक्तपुरवठा काही सेकंदांसाठी अपुरा पडणे. स्नायू आखडल्याने किंवा कमरेची गादी सरकल्याने तसे थेट घडत नाही. ‘मणक्यामुळे चक्कर येते’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. पण डोके गरगरणे, तोल जाणे आणि शुद्ध हरपणे या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांशी बोलताना तिन्हींसाठी ‘चक्कर’ हा एकच शब्द वापरला, तर निदानाची पहिली पायरीच चुकण्याचा संभव असतो.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आधी काय झाले? आधी भोवळ आली आणि पडल्यामुळे पाठ दुखू लागली, तर शोध भोवळीच्या कारणाचा घ्यावा लागतो. वयस्कर स्त्रियांत हाडे ठिसूळ झाल्याने साध्या पडण्यानेही मणका दबतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. उलट, कळ आधी आली आणि तिच्या तीव्रतेने घाम सुटून, मळमळून, डोळ्यांपुढे अंधारी येऊन रुग्ण कोसळला, तर ती बहुधा साधी मूर्च्छा असते. वेदनेमुळे व्हेगस नावाची मज्जा उत्तेजित होते, हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब घसरतो. आडवे केले की माणूस मिनिटाभरात सावध होतो. हे निदान दिलासा देणारे असले, तरी ते सर्वांत शेवटी करायचे असते. वेदना आणि भोवळ या दोहोंच्या मागे एकच गंभीर कारण नाही, याची खात्री आधी पटावी लागते.

अशा कारणांत पहिला मान महाधमनीचा. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी छातीतून आणि पोटातून पाठीच्या कण्याला लागून खाली उतरते, म्हणूनच तिचे दुखणे पाठीत उमटते. वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने तिच्या भिंतीचे आतले अस्तर एखाद्या क्षणी फाटते आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसून ते सोलत पुढे सरकते. ही वेदना हळूहळू वाढत नाही, पहिल्याच क्षणी ती कमाल तीव्रतेची असते. दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये काहीतरी फाटल्यासारखे वाटते आणि कधी ती खाली सरकत जाते. या विकाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीनुसार सुमारे १३ टक्के रुग्णांना सुरुवातीलाच भोवळ येते. तशी ती आलेली असेल, तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचले असण्याची किंवा मेंदूकडे जाणारी वाहिनी बाधित झाली असण्याची शंका घ्यावी लागते.

या विकाराची शस्त्रक्रिया विकसित करणारे अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनाच ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्याने गाठले. छातीत आणि फऱ्यांमध्ये तीव्र कळ आली, तेव्हा त्यांनाही प्रथम हृदयविकाराचा झटकाच वाटला. फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पुढे ते जुलै २००८ पर्यंत जगले. ज्याने आयुष्यभर हा विकार हाताळला, त्याचीही जिथे गफलत होते, तिथे इतरांना दोष कसा द्यावा? ही गफलत धोक्याची मात्र असते. हृदयविकार समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली गेली, तर महाधमनी फाटलेल्या रुग्णाची स्थिती आणखी बिघडू शकते.

महाधमनीचा दुसरा विकार पोटातला. तिथे तिची रुंदी साधारण २ सेंटिमीटर असते. भिंत कमकुवत होऊन ती ३ सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून अधिक फुगली, तर त्याला फुगवटा म्हणतात. पुरुषांत तो ५.५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचला की साधारणतः शस्त्रक्रियेचा विचार होतो. फुटेपर्यंत तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. फुटला की कमरेत किंवा कुशीत जबर दुखते आणि रक्तदाब कोसळून भोवळ येते. रक्त काही काळ पाठीमागच्या ऊतींत कोंडून राहिले, तर रुग्ण सावध होतो, बोलतो आणि सर्वांची फसगत होते. साठी ओलांडलेल्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषाला आयुष्यात प्रथमच ‘मूतखड्याची कळ’ आली असेल, तर खड्याआधी महाधमनीची सोनोग्राफी व्हावी, हा वैद्यकातला जुना दंडक याच अनुभवातून आला आहे. अल्बर्ट आइन्स्टाइन यांचा मृत्यू एप्रिल १९५५ मध्ये याच फुगवट्याने झाला. १९४८ मध्ये त्यावर एक शस्त्रक्रिया झालेली होती.

तरुण स्त्रीच्या बाबतीत विचाराची दिशा निराळी असते. पाळी चुकलेली, ओटीपोटात किंवा कमरेत दुखते आहे आणि उठताना भोवळ आली, तर गर्भाशयाबाहेर, गर्भनलिकेत गर्भ राहून नलिका फुटली असण्याची शक्यता प्रथम तपासावी लागते. खांद्याच्या टोकाशी होणारी वेदना ही पोटात रक्त साचल्याची खूण असू शकते. लघवीच्या साध्या चाचणीने तपासाला दिशा मिळते, पण संकोचापायी पाळीविषयी विचारलेच जात नाही. सोबत सासूबाई किंवा वडील उभे असताना मुलगी खरे उत्तर देईलच असे नाही, म्हणून हा प्रश्न एकांतात विचारणेच योग्य.

हृदयविकाराचा झटकाही, विशेषतः स्त्रिया आणि मधुमेही रुग्णांत, छातीऐवजी पाठीत जाणवू शकतो. लांबचा प्रवास, पायाला प्लास्टर किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनंतर धाप, पाठीत वरच्या बाजूला टोचणारी वेदना आणि भोवळ असे एकत्र आले, तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचा संशय घ्यावा.

आता आपल्या घरातल्या औषधांच्या डब्याकडे वळू. पाठदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतो आणि त्यातून नकळत रक्त झिरपू लागते. शौचास डांबरासारखी काळी होते, चेहरा फिकटतो आणि एके दिवशी माणूस न्हाणीघरात कोसळतो. इथे पाठदुखी साधीच असते, भोवळ तिच्या उपचाराने आणलेली असते. आखडलेले स्नायू सैल करणाऱ्या टिझॅनिडिनसारख्या गोळ्या रक्तदाब उतरवतात. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी काही औषधेही तेच करतात, आणि आजोबा रात्री लघवीला उठले की पडतात. म्हणून तपासणीला जाताना घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. ‘पांढरी छोटी गोळी’ एवढ्या वर्णनाने कोणालाच बोध होत नाही.

बराच काळ रेंगाळणारी पाठदुखी, वजनातली घट आणि थकवा यांच्या जोडीला उभे राहताच अंधारी येत असेल, तर रक्ततपासणी अपरिहार्य ठरते. उतारवयात अस्थिमज्जेच्या कर्करोगाने हाडे दुखतात आणि रक्तही कमी होते. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो. क्वचित तोच क्षय मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींना ग्रासतो आणि रक्तदाब सावरणारी संप्रेरकेच आटतात.

तपासणीची सुरुवात मात्र महागड्या यंत्रांपासून होत नाही. दोन्ही दंडांवरील रक्तदाब मोजून त्यांतला फरक पाहणे, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तो किती घसरतो हे पाहणे, पोटावर हात ठेवून स्पंदन जाणवते का ते पाहणे, ईसीजी आणि हिमोग्लोबिन, एवढ्यावरून पुष्कळ उलगडते. पहिला ईसीजी निर्दोष आला, तरी शंका संपत नाही. महाधमनीबद्दल संशय असेल, तर सीटी अँजिओग्राफीला पर्याय शोधत बसू नये. सर्वप्रथम कण्याचा एमआरआय काढून ‘गादी सरकली आहे’ असा निष्कर्ष काढणे सोपे असते. चाळिशीनंतर अनेक निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही गाद्या झिजलेल्या किंवा सरकलेल्या दिसतातच!

पाठदुखीसोबत भोवळ आलेल्या व्यक्तीला तिथेच आडवे करावे आणि कपडे सैल करावेत. पाणी, चहा, वेदनाशामक गोळी यांपैकी काहीही देऊ नये. पाठ चोळूही नये. शुद्धीवर आली तरी जिना उतरवत किंवा स्कूटरवर मागे बसवून नेऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. दूरध्वनी करताना आणि रुग्णालयात पोहोचताच, ‘पाठ दुखते आहे’ एवढेच न सांगता ‘शुद्ध हरपली होती’ हे आधी सांगावे.