न दिलेले कर्ज

नाशिकच्या एका वायनरीत दोन दिवस राहून आलेला माझा पुतण्या गेल्या चैत्रात घरी उतरला तो द्राक्षांचे गोडवे गातच. फ्रान्समध्ये बर्गंडी प्रांतात क्लो द व्हूजो नावाचा मळा आहे, तो बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठातल्या साधूंनी उभा केला, असे सांगून त्याने विचारले, "काका, आपल्या गोंदियात असं काही नाही का हो?"

मी त्याला पहाटे उठवून गावाबाहेरच्या मोहाखाली नेले. झाड माझ्या आजोबांच्या आधीचे. खाली पिवळसर, मांसल फुलांचा सडा पडलेला आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका. मोहाचे फूल खुडायचे नसते. रात्री गळते, पहाटे वेचायचे असते.

मठाचे नाते म्हणाल तर तेही आहे. बौद्ध भिक्खूंसाठी विनयपिटकात पेयांचे नियम सांगितले आहेत. द्राक्षांच्या रसाला परवानगी आहे; फुलांच्या रसालाही आहे, फक्त 'मधुक' फुलांचा रस वगळून. मधुक म्हणजे मोह, असे पाली कोशकार सांगतात. म्हणजे या फुलाचा गुण आणि दोष मठाला केव्हाच ठाऊक होता! इकडे सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. त्या समाजाच्या देवकार्यात मोहाला मान असतो. एकाने वर्ज्य मानले, दुसऱ्याने देवाला वाहिले. दुर्लक्ष मात्र कोणीच केले नाही.

दुर्लक्ष केले ते माझ्यासारख्या कारकुनी डोक्यांनी. 1986 साली मी या भागातल्या एका बँकेच्या शाखेत होतो. एक गोंड म्हातारी पाचशे रुपये मागायला आली. हंगामात व्यापारी फुले मातीमोलाने नेतो आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने विकतो. तोवर तिला माल घरात ठेवायचा होता. हिशेब चोख होता. पण 1949 च्या दारूबंदी कायद्याने मोहफुलांवर बंधने होती. द्राक्षबागेच्या कर्जाचे नियम मला पाठ होते. फुलांच्या तारणाचा रकाना कुठल्याच फॉर्मात नव्हता. मी मान हलवली. ती म्हणाली, "सायेब, धान बुडला तं याच फुलानं पोरं जगवली. त्याले कागद कोन देईल?"

पुढे 2001 मध्ये राज्याने द्राक्षवाइनसाठी खास धोरण आणले. मोहफुले गोळा करण्यावरची आणि त्यांच्या वाहतुकीवरची बरीच बंधने उठायला मात्र 2021 उजाडले. शेजारच्या मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूला 'वारसा मद्य' म्हणून मान्यता दिली आहे.

आपणही तसेच करावे का? मी घाईने हो म्हणणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे मी वसुलीच्या निमित्ताने आतून पाहिली आहेत. पलीकडच्या गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, रेट्यानेच 1993 मध्ये दारूबंदी झाली. पण फूल म्हणजे दारू नव्हे. त्याचे लाडू होतात, सरबत होते, भाकरीही होते. बाटली कोणी भरावी हा वाद चालू द्या. पहाटे वाकणाऱ्या बाईला भाव मिळेपर्यंत थांबण्याची ऐपत आधी द्या.

नोकरीत बुडीत कर्जे पुष्कळ पाहिली. न दिलेले हे पाचशे रुपये मात्र माझ्याच खात्यावर अजून थकीत आहेत.